दम धर

लोक कॅन्सरला घाबरतात, पण मूत्राशयाला लाजतात. माझी विचारपूस करायला येणारे "पोटाचं काहीतरी" एवढंच बोलून चहा घेऊन जातात. निदान झालं त्या दिवशी मी घरी येऊन वाटाणे सोलले. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

उपचार साधा होता. आठवड्यातून एकदा नगरच्या दवाखान्यात नळीनं मूत्राशयात औषध सोडायचं. आधी चार तास पाणी बंद, मग दोन तास लघवी रोखून धरायची आणि त्यानंतर दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. असे सहा डोस.

रोखण्यात मी पहिली आले. शेजारच्या खाटेवरचे आजोबा तासाभरातच कासावीस व्हायचे. औषध आत सगळीकडे लागावं म्हणून सांगितल्याप्रमाणे मी या कुशीवरून त्या कुशीवर होत निवांत पडून असायचे. नर्स म्हणाली, "बाई, कमाल आहे तुमची!"

कमाल कसली? श्रीगोंद्याकडच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. तिथं आधी संडास नव्हता, आणि झाला तेव्हा त्याला कुलूप असायचं. सकाळच्या एसटीआधी अर्धा कप चहा, मग संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा घोट नाही. वर्गात एखाद्या मुलीनं करंगळी दाखवली, तर मी तिलाही म्हणायचे, "दम धर. सुट्टी होऊ दे." त्यानंच हा आजार झाला असं नाही म्हणे, डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं होतं.

पिण्यात मात्र मी नापास. तिसऱ्या डोसनंतर तांब्या समोर ठेवून बसले, पण दोन घोटांपुढे घसा उघडेना. जित्याची खोड! लघवीला आग व्हायला लागली, मग रक्त दिसलं, ताप आला. चौथा डोस पुढे गेला. डॉक्टर म्हणाले, "पाणी प्यायला नाहीत तर डोस थांबवावे लागतील. मग मूत्राशयच काढायचं बघावं लागेल." मी "बरं" म्हटलं.

सून नागापूरच्या कारखान्यात जाते. जेवणाच्या सुट्टीत तिचा रोज फोन यायचा.

"आई, किती तांबे झाले?"

"दोन."

"खरं सांगा."

"अर्धा."

"असं न्हाई चालायचं. तुमी लहान हाय का आता?"

एका संध्याकाळी ती आल्यावर मी तिची पिशवी रिकामी करायला घेतली. डबा हलका होता. पाण्याची बाटली मात्र जड लागली. सकाळी मीच भरली होती, ती तशीच गळ्यापर्यंत भरलेली.

"प्यायली नाहीस?"

"कधीच पीत न्हाई." ती भाजी निवडत सहज म्हणाली. "मशीन सोडून उठलं की सुपरवायझर बघत बसतो. अन् तिथल्या दाराला कडी न्हाई. सवय हाय मला. शाळेपासनंच."

"शाळेपासून?"

"आमच्या बाई लई कडक हुत्या. करंगळी दाखवली की म्हणायच्या, दम धर."

तिची शाळा संगमनेरकडची. त्या बाई मी नव्हे. एवढ्यानं सुटका होईल असं मला क्षणभर वाटलं.

मी तीच बाटली उघडून दोन पेले भरले. एक तिच्यासमोर ठेवला.

"पी," मी म्हटलं.

"आधी तुमी."

मी पेला तोंडाला लावला आणि निदान झाल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. रडत रडतच मी तो सगळा संपवला.