थिनरचं फडकं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, कंपनीच्या बसमध्ये इतकी वर्षं शेजारी बसणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — आणि तुमच्याशी बोलतानाही मी आधी विमानाबद्दलच बोलणार, कारण ते सोपं आहे.

चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. गाडीच्या बॉडीवर कुठे रंगाचा ओघळ आलाय, कुठे धुळीचा कण बसलाय, मला लांबूनच दिसतं. घरी, पिंपळे सौदागरला, त्याची मी भरपूर फुशारकी मारायचो. म्हणून तर मुलीने, ऋतुजाने, बेंगळुरूला नोकरीला जाताना मला ते किट दिलं — प्रवासी विमानाचं. चौकटीला चिकटलेले प्लास्टिकचे भाग, घरी कापून जोडायचे आणि रंगवायचे. "बाबा, जरा मोबाइल खाली ठेवा आणि हे करा," म्हणाली. असलं काही मी जन्मात केलं नव्हतं. पण रंगाचं काम म्हणजे आपल्या घरचंच, नाही का?

आई माझ्या शेजारी बसायची. ती मूळची चाकणजवळच्या कुरुळी गावची. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये स्विच जोडण्याचं काम करून तिने मला शिकवलं. हात अजून चांगले होते, डोकं मात्र — म्हणजे नुकतीच कुठे विसरायला लागली होती. दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवायची, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. पण विमानाची मुगाएवढी चाकं चौकटीतून कापून काढताना तिच्याकडून एकही तुटलं नाही. "दे हिकडं, तुझी बोटं लई जाड," म्हणायची. त्या दिवसांत ती खूश होती.

विमानाचं धड जोडून झालं. मी पांढरा रंग दिला आणि तो ओघळला. माझ्या हातून, ओघळ! आमच्याकडे असा दोष दिसला की थिनरच्या फडक्याचा एक हात मारायचा, पत्रा पुन्हा कोरा. कंपनीतून बाटलीत थोडं थिनर घेऊन आलो. किटच्या कागदावर बाटली आणि फडकं काढून वर लाल फुली मारलेली होती. मी हसलो — असल्या सूचना नवशिक्यांसाठी असतात, आपल्याला काय सांगतात?

पत्रा वेगळा आणि प्लास्टिक वेगळं, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? रविवारी सकाळी मी फडकं फिरवलं आणि विमानाची पाठ लोण्यासारखी मऊ झाली. घाबरून सावरायला गेलो तर अंगठा आत रुतला. खिडक्यांची अख्खी ओळ वितळून एक झाली. मी ते तसंच टेबलावर टाकून हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा आई तेच फडकं घेऊन टेबल पुसत होती. तिची सवयच ती — दिसेल ते फडकं उचलायचं आणि दिसेल ते पुसायचं.

तेवढ्यात ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला. मनीषाने — माझ्या बायकोने — मोबाइल विमानासमोर धरला, आणि तिकडून ऋतुजा म्हणाली, "बाबा, हे काय झालं?"

माझ्याकडून चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. काय बिघडलं असतं? पोरगी हसली असती. मनीषाने आठवडाभर चिडवलं असतं, आले मोठे पेंट शॉपवाले. तेवढं हसू चुकवायला मी — हो, तेवढ्यासाठीच — म्हणालो, "आजीने थिनरने पुसलं."

आईच्या हातात फडकं होतंच. तिने फडक्याकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती चिडली असती तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण ती आठवत होती — आपण हे कधी केलं ते. आठवलं नाही, म्हणून तिने माझ्यावर विश्वास ठेवला. "आसंल बाबा," म्हणाली. "माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता."

आणि माझ्या मनात काय आलं सांगू? चहाच्या वेळेपर्यंत ही विसरून जाईल. लाज वाटते सांगताना, पण हेच आलं. मनीषाने विमान त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. त्यावरचा अंगठा कुणी नीट पाहिला नाही, नाहीतर कळलं असतं की एवढा मोठा अंगठा आईचा नाही.

पुढे मनीषाने हे डॉक्टरांना सांगितलं, काळजीपोटीच सांगितलं — वस्तू खराब करतात, थिनर आणि पाणी यातलाही फरक कळत नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, गॅसजवळ एकटं सोडू नका. मी मान हलवली. पहिल्या शिफ्टला निघताना मला आईच्या हातचा चहा मिळायचा, तो बंद झाला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनीषाला विचारायची, "हात लावू का?" स्वतःच्या पाण्याच्या तांब्यालाही विचारून हात लावायला लागली. मग विचारणंही सोडलं, हात पदराखाली घेऊन बसून राहू लागली. मनीषा म्हणायची, आजार वाढतोय. वाढत होताच. पण त्यातलं आजाराने किती आणि माझ्या त्या एका वाक्याने किती? डॉक्टरांना विचारता आलं असतं. त्यासाठी आधी खरं बोलावं लागलं असतं, आणि ते मी बोललो नाही.

आता ती मला ओळखत नाही. भोसरीचं वर्कशॉप विसरली, ऋतुजाचं नाव विसरली, जेवली की नाही तेही विसरते. परवा मी तिचे पाय चेपत होतो, तर तिने माझा हात धरला आणि कुणी ऐकत नाही ना, हे बघून हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी माझ्या पोराला वळखता का? त्याचं विमान माझ्या हातनं खराब झालं. लई हौसेनं करत हुता. त्याला सांगा, आईनं मुद्दाम न्हाई केलं."

"सांगतो," मी म्हणालो, आणि तिचे पाय चेपत राहिलो.