सात हजारांची सायकल

कुणाचीही सायकल दिसली की आधी चाकावर अंगठा, माणसाकडे बघणं नंतर. अंगठा रुतला की मान हलवून काका म्हणायचे, "हवा पाहून निंगत जा ना बाप्पा." रुतला नाही तर काहीच बोलायचे नाहीत, गपचूप टोपलीतला पालक सारखा करायचे. राजापेठेत आमच्या शिकवणी वर्गाच्या जिन्याखाली पोरापोरींच्या चाळीसेक सायकली उभ्या असतात. भाजी विकता विकता काका त्या रांगेतून एक चक्कर मारून यायचे. ज्याची हवा कमी त्याला वर्ग सुटल्यावर बोलणी बसायची. मी तिथं गणित शिकवतो, पण माझ्यापेक्षा पोरं त्यांना जास्त वचकून असत.

असा माणूस तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी कुठे तरी बसत असेल. काका नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातले. विहिरीखालची दोन एकर काळी जमीन, तिच्यात पालक, मेथी, सांबार आणि दसऱ्यापुरता झेंडू. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये. हे सगळं ते काळ्या, दांड्याच्या सायकलवर लादून रोज सकाळी सोळा किलोमीटर यायचे आणि दुपारी सोळा किलोमीटर जायचे. वय साठीच्या आसपास. याला कुणी छंद म्हणत नव्हतं.

छंद माझा होता. शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं, आणि वर्गातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, "सर, सायकल घ्याच. अन घ्यायची तर मंग चांगली घ्या." या दुसऱ्या वाक्यानं मी बुडालो. निळी, गिअरची, एका हातानं उचलता येईल अशी सायकल घेतली. मग हेल्मेट आलं, हातमोजे आले, गादी लावलेली तंग चड्डी आली. ती घालून पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा बायको म्हणाली, "वरून पँट घाला नं काही. समोर जोशी काकू फुलं तोडून राहिल्या."

सायकलची किंमत मी माणूस पाहून सांगत असे. बायकोला अठरा हजार सांगितली. त्यावरही ती दोन दिवस बोलली नाही. शेजाऱ्यांना पंचवीस. सकाळी ज्या मंडळींबरोबर फिरायला जायचो त्यांच्या सायकली महागाच्या होत्या, म्हणून तिथं पंच्याहत्तर. खरी किंमत बासष्ट हजार. ती मला आणि दुकानदारालाच ठाऊक होती. तेव्हा मला या गोष्टीची गंमत वाटायची.

पावसाळा संपता संपता एका रविवारी बडनेऱ्याच्या पुढे माझ्या चाकात बाभळीचा काटा गेला. सीटखालच्या पिशवीत पंक्चरचं सगळं सामान होतं, पण ते वापरायचं कसं हे मला येत नव्हतं. मंडळी पुढे निघून गेली होती. तेवढ्यात समोरून लादलेली काळी सायकल आली. काकांनी माझ्याकडे न बघता आधी चाक दाबलं.

"हवाच नाही, सर."

"काटा गेला, काका."

त्यांनी सायकल झाडाला टेकवली, माझंच सामान उलटसुलट करून पाहिलं आणि पंधरा मिनिटांत चाक बसवून दिलं. मी पैसे काढले तर म्हणाले, "पोरं शिकवता ना आमच्या गावची? मंग ठेवा ते." मग त्यांनी माझी सायकल दोन बोटांवर उचलून पाहिली. तो चेहरा मला अजून दिसतो. जत्रेतल्या पोराचा झाला होता.

"अरे बाप्पा! हे तं पालकाच्या टोपल्याहून हलकी हाये. कितीची पडली, सर?"

त्यांच्या पायातल्या चपलेला तारेनं टाके घातले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सात हजार."

मी ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोललो, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. बासष्ट म्हटल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील याची मला भीती वाटली, म्हणून बोललो.

"साताचीच?" काका म्हणाले. "साधी बी साताचीच येते आता." आणि परत एकदा उचलून पाहिली.

दसरा झाला. दोन-तीन दिवसांनी वर्ग सुटायच्या वेळी काका जिन्याशी उभे. हातात रुमालाची गाठ.

"सर, तुमच्यासारखीच एक मले बी आना. गुडघा लय तरास देऊन राहिला. बडनेऱ्याच्या पुलावर उतरून ढकला लागते. झेंडूचे आले होते, साडेसात हायेत. पाचशे वरचे, त्यात मांगं कॅरिअर बसवून घ्या."

पोरं जिन्यावरून उतरत होती. काका त्यांनाही कौतुकानं सांगत होते, "सर आनून देऊन राहिले मले, हलकी सायकल." तिथंच सांगायला हवं होतं. चारचौघांत तोंड उघडायची हिंमत झाली नाही आणि मी गाठ घेतली. हो, घेतली. वाटलं, कुठे तरी जुनी, बऱ्यापैकी हलकी बघू, वरचे आपण घालू. त्याच आठवड्यात चौकशी केली. वरचे पंधरा-वीस हजार घालावे लागणार होते. तेवढे मला जड नव्हते. तरी गाठ टेबलाच्या खणात राहिली.

काका कधीही घाई करायचे नाहीत. मी म्हणायचो, माल यायचा आहे. ते म्हणायचे, "येऊ द्या सावकाश, तुमाले कायले तरास." वर मूठभर सांबार माझ्या पिशवीत टाकायचे. दिवाळी झाल्यावर कळलं की त्यांनी काळी सायकल जावयाला देऊन टाकली. दिवाळसणाला आलेला जावई तिच्यावरून हात फिरवत होता, आणि नवी तर आठ-पंधरा दिवसांत येणारच होती. जावई ती बसच्या टपावर टाकून अचलपूरला घेऊन गेला.

मग काका एसटीनं यायला लागले. सकाळची पहिली गाडी टोपल्या घेत नसे. दुसरी घेईतो नऊ वाजायचे आणि राजापेठेतली गिऱ्हाइकं निघून गेलेली असायची. अकरा वाजता मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो, तर काका मान टाकलेल्या मेथीवर पाणी शिंपडत बसलेले. मी पाठ फिरवून फळ्यावर लिहायला लागायचो. आता हे लिहितानाही मान खाली जाते.

एका संध्याकाळी मी सायकलच्या दुकानात गेलो होतो. माझ्यासाठी बूट घ्यायला. पायडलमध्ये अडकणारे, साडेआठ हजारांचे. दुकानदार हसत हसत म्हणाला, "सर, तुमचं नाव घेऊन एक म्हातारा आला होता. तुमच्यासारखी निळी द्या म्हणे, सात हजारात. अन वरून कॅरिअर बसवून!"

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पोरानं किमतीची चिठ्ठी दाखवली. त्यानं दोनदा वाचली, चाक दाबून पाह्यलं अन चालला गेला."

मी बूट घेतले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काका आपल्या जागेवर होते. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"भाव लय वाढले म्हनते," टोपलीकडे बघत ते म्हणाले. "तुमच्या टायमाले सस्त्या होत्या. राहू द्या आता."

"काका, ते मी..."

"राहू द्या, साहेब. साधी घेतो मी."

इतकी वर्षं मी त्यांचा सर होतो. त्या सकाळपासून साहेब झालो. मी वर जाऊन त्यांच्या पैशांचं पाकीट आणलं. त्यात माझे दोन हजार जास्तीचे घातले होते. काकांनी नोटा मोजल्या, दोन हजार वेगळे केले आणि माझ्या खिशात सारले. "हे तुमचे." काळी सायकल जावयाकडून परत मागवा, मी पोचवायचा खर्च देतो, असंही मी बावळटासारखं सुचवून पाहिलं. त्यांनी कानाला हात लावला. जावयाला दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे पोरीच्या घरी तोंड दाखवायला जागा नाही.

त्या पैशांत त्यांनी दांड्याची नवी घेतली. पहिलीइतकीच जड. माझी सायकल वर्गाखाली उभी असली तर ते तिच्या बाजूची आणि पलीकडची चाकं दाबायचे, माझं सोडून. उन्हाळा लागला तसे ते दिसेनासे झाले. सोळा किलोमीटर म्हणजे माझ्या सायकलनं पाऊण तासाचं अंतर. मी गेलो नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या जागेवर एक बाई बसलेल्या दिसल्या. तीच टोपली. विचारलं तर काकांच्या बायको, म्हणजे काकू निघाल्या.

"त्याईचा गुडघा पुरा गेला. खाटीवरच असते," काकू म्हणाल्या. "सायकल भिताडाले टेकवून ठेवली. रोज सकायी मले म्हनते, आन इकडे. चाक दाबून पाह्यते. हवा कमी असली का मंग माह्यावर चिडते." मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "तुमी गनिताचे सर काय? निळ्या सायकलवाले?"

"हो."

"ते सांगे ना मले. सराले सातात भेटली, अन आपला नंबर लागेपावतर भाव वाढले. म्हने, सरानं लय खटपट केली बिचाऱ्यानं."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी मला उघडं पाडलं नव्हतं. माझं खोटं ते माझ्या वतीनं सांभाळत खाटेवर पडले होते. आता तरी सांगायचं, असं ठरवून मी म्हणालो, "काकू, ती सात हजारांची नव्हती. बासष्ट हजारांची होती. मी खोटं बोललो होतो त्यांच्याशी."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"काहून थट्टा करता, सर, गरिबाची? बासष्ट हजाराची कुठं सायकल असते!"

मी परत सांगितलं. त्या आणखीच हसल्या. मग माझी पिशवी ओढून घेतली, पालकाच्या दोन जुड्या टाकल्या, आणि वरून मूठभर सांबार टाकला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.