नाकेदार आणि बोलणारा प्रोग्राम

कोणत्याही प्रोग्रामला नाकेदारांनी पहिल्या दिवशी 'हो' म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यांच्याविषयी जे बोलले जाते, त्यातले एवढेच खरे आहे. शोकसभेत अलिबागच्या प्राध्यापकांनी त्यांना 'अंधांविषयी निष्ठुर' ठरवले, आणि आता ते वाक्य स्मरणिकेतही छापून आले आहे. सभेत मी हरकत घ्यायला उभा राहिलो, तेव्हा माझ्या वयाचा मान राखत मला खाली बसवण्यात आले. लिहिताना मला कोणी खाली बसवू शकत नाही.

आधी काम काय होते ते सांगतो. वादळाने आमच्या किनाऱ्यावरच्या शाळांची छपरे नेली, तेव्हा मुंबईच्या काही कचेऱ्यांनी आपले जुने संगणक इकडे पाठवून दिले. त्यांवर नव्या प्रणाली चालेनात. लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते, आणि तिच्यात हवे ते घालता व नको ते काढता येते. म्हणून या म्हाताऱ्या यंत्रांना पेलेल अशी तिची एक मराठी आवृत्ती आम्ही बांधायला घेतली. तिचे नाव 'वाडी'. प्राध्यापक समितीचे अध्यक्ष होते आणि मी, निवृत्त विज्ञानशिक्षक, सदस्य. कोणता प्रोग्राम वाडीत जाईल आणि कोणता बाहेर राहील, यावर शेवटचा शब्द मात्र नाकेदारांचा.

'नाकेदार' हे नाव, नाक्यावर अडवून तपासणारा म्हणून, मीच त्यांना दिले. उमेदीची वर्षे त्यांनी आगरदांड्याच्या जेटीवर बोटीत गाड्या चढवण्यात घालवली होती. संगणक ते पन्नाशीनंतर स्वतःच शिकले. "अहो, एक प्रोग्राम जास्त घातला तर काय बिघडतं?" असे प्राध्यापक दर बैठकीत विचारीत. नाकेदार शांतपणे म्हणत, "जेटीवर प्रत्येक ट्रकवाला हेच विचारायचा. वजन जास्त झालं की एकटा त्याचाच ट्रक बुडत नाही, साहेब."

त्यांची परीक्षा ठरलेली होती. ज्या शाळेत सर्वांत मंद संगणक, तिथे प्रोग्राम सुचवणाऱ्याने आठवडाभर जाऊन बसायचे. प्रोग्राम वापरणार शाळेतल्या बाई. सुचवणाऱ्याने शेजारी तोंड मिटून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. "हात मोकळे असले की माणूस मदत करतो," ते म्हणत, "आणि ती मदत संध्याकाळच्या एस्टीने तुमच्याबरोबर परत जाते." प्राध्यापकांचा चित्रकलेचा प्रोग्राम तिसऱ्या दिवशी बाद झाला. माझे गणिताचे दोन टिकले, हे मी मुद्दाम नमूद करतो.

बोलणारा प्रोग्रामही मीच सुचवला होता; प्राध्यापकांनी नव्हे, जसे स्मरणिकेत म्हटले आहे. पडद्यावरचा मजकूर तो अंध मुलांना मोठ्याने वाचून दाखवी. जोडाक्षरांवर अडखळे, यंत्र मधूनच गोठवी, तरी आठवडा त्याने कसाबसा काढला. बोर्लीच्या बैठकीत नाकेदारांनी एकच गोष्ट विचारली.

"आज हा बोलतो. उद्या बोलेनासा झाला, तर शाळेतल्या बाई फोन कोणाला करणार?"

"समितीला," मी म्हणालो.

"समितीला फोन नसतो, सर."

ते माझ्याकडे पाहत थांबले. प्राध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले. 'मला करतील' एवढे म्हणण्याइतका वेळ मला होता, आणि शिकून घेण्याइतकी बुद्धीही. पण सात दिवस स्टुलावर हात दाबून बसल्यावरही माझी उलटतपासणी व्हावी, याचा मला राग आला होता. मी गप्प राहिलो. त्यांनी यादीतल्या त्या नावावर काट मारली.

तीन महिन्यांनी पुढच्या आवृत्तीची यादी घेऊन मी दिवेआगरला त्यांच्या घरी गेलो. "वाचा तुम्हीच," ते म्हणाले. ते मला पुन्हा तपासत आहेत असेच मला वाटले. पाणी प्यायला मागच्या पडवीत गेलो, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "सर, जरा सावकाश वाचा. त्यांना आता अक्षर दिसत न्हाय."

"कधीपासून?"

"वरीस झालं, कमी कमी होत गेलं. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनले, गेलं ते परत येनार न्हाय. कोनाला बोलू नको म्हनून मला शपथ घातलीय."

म्हणजे बोर्लीच्या बैठकीच्या वेळी त्यांना हे ठाऊक होते. मी आत जाऊन त्यांच्यावर आवाज चढवला.

"ठाऊक होतं म्हणूनच जास्त बारीक तपासला," ते म्हणाले. "स्वतःची गाडी असली की माणूस वजन कमी सांगतो."

"मला सांगितलं असतं तर मी सांभाळला असता तो."

"दयेपोटी सांभाळला असता. दया किती आवृत्त्या टिकते, सर?"

निदान त्यांच्या एकट्याच्या संगणकावर तो बसवून देतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. शाळेतल्या अंध मुलाला जे मिळत नाही ते आपल्याला नको, म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी यादीचा अधिकार माझ्याकडे दिला आणि संगणकावर चादर टाकायला वहिनींना सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून मी तो प्रोग्राम सांभाळायला घेतला. त्याची जोडाक्षरे एकेक करून बसवली, त्याचे गोठणे बरेच कमी केले. सहा महिन्यांनी माझा संगणक घेऊन दिवेआगरला गेलो आणि त्यांना ऐकवले. एक धडा त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला. मग विचारले, "मुसळधार पावसात वीज दहादा जाते, त्यात चालवलाय?" नव्हता चालवला. "मग एक पावसाळा बघा."

अधिकार आता माझा होता. मी त्याच संध्याकाळी 'हो' म्हणू शकलो असतो. माझ्याकडे कोणी बोटही दाखवले नसते. मी नाही म्हटले. श्रावणात नाकेदार गेले. पाऊस दसऱ्याला थांबला, आणि त्यानंतरच्या आवृत्तीत तो प्रोग्राम वाडीत गेला.

आज चौदा शाळांत तो बोलतो, आणि बिघडला की फोन मला येतो. स्मरणिकेत दुरुस्ती छापणार असतील, तर प्राध्यापकांनी एवढे लिहावे: नाकेदारांनी तो एकदा नाकारला. दुसऱ्यांदा, ते आंधळे होऊन समोर बसले असताना, मी नाकारला.