जॅकवेलमधला दुसरा गेज

मी पेणचा. देवाला हात जोडतो, पण कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की उठून जाणारा माणूस. पाण्याखाली काम करणाऱ्याने फक्त हवा दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवावा, असं माझं मत होतं... आणि तरी हे लिहितोय.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा मे असेल. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी एका कारखान्याची जॅकवेल होती—नदीचं पाणी आत घेणारी खोल विहीर. तळाची जाळी गाळाने तुंबली होती. ती साफ करायला मी आणि नाना गेलो. नाना कासू गावचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते वर दोरी धरायचे, मी उतरायचो.

सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारे दोन गेज मी नेहमी लावायचो. उजवीकडे एक, डावीकडे एक जादा. त्या सकाळी जादा गेजची नळी बुडबुडे सोडायला लागली. मीच ती काढली, तिथे बूच आवळलं आणि गेज नानांकडे दिला.

"आज नको उतरू. उद्या दुसरी नळी आणू," नाना म्हणाले.

"पंप दुपारपर्यंतच बंद हायत, नाना. एक गेज पुरे."

तळाशी, तीस फुटांवर, पाणी चहासारखं. विजेरी अगदी जवळ धरल्याशिवाय काही दिसेना. चिखल उपसता उपसता मागे सरकलो—आणि अडकलो. गाळातलं जुनं नायलॉनचं मासेमारीचं जाळं पाठीवरच्या सिलिंडरला गुंतलं होतं. पुढे जाता येईना, वळता येईना. दोरीला हिसका दिला, तर तीही जाळ्यातच अडकलेली. वर नानांना काहीच कळणार नव्हतं.

उजवीकडचा गेज बघितला. शंभर. म्हणजे हवा भरपूर. घाबरायचं नाही, सावकाश कापायचं... सुरी पाठीमागे नेऊन एकेक धागा कापत राहिलो. एक तुटला की दुसरा आवळायचा. छाती भिंतीला टेकलेली. बऱ्याच वेळाने पुन्हा काटा बघितला—शंभर.

तेवढ्यात डाव्या बरगडीवर काहीतरी टकटक आपटलं. सवयीने हात गेला. गेज! विजेरी लावली. काटा वीसवर, लाल पट्टीत.

खरं सांगतो, तो गेज मी सकाळी काढलाय हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. श्वास तर सुरळीत चालला होता. पण वीस म्हणजे दोन-तीन मिनिटांची हवा. दोरी कापली, कमरेचं वजनाचं शिसं टाकलं, सिलिंडरचे पट्टे सोडायला घेतले. शेवटचा पट्टा सुटला आणि श्वास ओढताच येईना. तोंडातली नळी थुंकली, हवा सोडत सोडत वर आलो.

"सिलिंडर कुठंय?" नाना ओरडले.

"जाळ्यात... दुसऱ्या गेजनं वाचवलं, नाना. वीस दाखवले त्यानं."

नानांनी मला शिडीवरून ओढून घेतलं, बसवलं. मग खिशातून गेज काढून माझ्या तळहातावर ठेवला. "अरे, हा तर सकाळपासनं माझ्याजवळ हाय."

दुसऱ्या दिवशी सिलिंडर गळ टाकून वर काढलं. साफ रिकामं. उजवीकडचा काटा तरीही शंभरवरच—बिघडून अडकलेला. डावीकडे माझंच बूच, पान्याशिवाय हललं नाही.

एक डॉक्टर मित्र म्हणतो, घाबरलेल्या माणसाला भास होतात. होत असतील. पण श्वास नीट होता, आणि समोरचा काटा शंभर सांगत होता... मग हवा संपत आलीय हे त्या भासाला कुणी सांगितलं?

नानांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तू वर आलास ना? मला तेवढं पुरे हाय."

मला अजून पुरलेलं नाही.