काका तीनदा म्हणाले, ‘आय अ‍ॅम गिडी’

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी मेडिकलवाली नाही.

मेडिकल हे दुकान असतं. तिथे काउंटर असतो, काउंटरच्या मागे कपाटं असतात, आणि ‘पोटात गडबड आहे, काहीतरी द्या’ म्हटलं की माणूस वळून न बघता पट्टी कापून देतो. मी दुकानात बसत नाही. मी ऑकलंडच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसते. तिथे पूर्वी फोटोकॉपीचं मशीन होतं. माझ्याकडे विकायला एकही गोळी नाही. माझं काम उलटं आहे. माणसाच्या पोटात जाणाऱ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायच्या, कुठली कशासाठी आहे, कुठलीचं कुणाशी पटत नाही, कुठलीचं काम कधीच संपलंय ते बघायचं, आणि शेजारी जाऊन डॉक्टरांना सांगायचं की ही कमी करा, ही बदला, ही कृपा करून थांबवा.

याला इथे क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? मी एकदा पत्रकात ‘औषधनिर्माता’ असं छापलं, तर आमच्या विहारातल्या एका काकूंनी कौतुकाने विचारलं, “म्हणजे तू पिक्चर काढतेस?”

पत्रकं लिहायची मला सवय आहे. पुण्यात वसतिगृहाच्या पाण्यासाठी लिहिली, फीवाढीविरुद्ध लिहिली, आणि इथे आल्यावर पहिलं लिहिलं ते हे: ‘दवाखान्यात दुभाषा मागा. फुकट असतो. लाजू नका. तुमचं दुखणं तुमच्या भाषेत सांगणं हा तुमचा हक्क आहे.’ चार वाक्यं. पाचवं वाक्य वाचेपर्यंत कुणी थांबत नाही.

हे पत्रक मी काकांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, नीट घडी केली आणि परत माझ्याच हातात ठेवलं. “मला दुभाषा कशाला? सगळी नोकरी इंग्रजीत पत्रव्यवहार केलाय मी. यू मे रेफर टू माय लेटर.”

हे काका म्हणजे आमच्या इथल्या मंडळींचे सगळ्यांचे काका. मुलाकडे बॉटनी डाउन्सला राहतात. सत्तरी ओलांडलेली, पण जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या पहिल्या ओळीपुढे शिट्टी तोंडात धरून उलटं चालणारा माणूस दुसरा कुणी नाही. लहानपणी वस्तीत शिकलेली लेझीम त्यांनी इथल्या इंजिनियर लोकांना शिकवली. हे लोक कोड लिहितात, पूल बांधतात, पण डावा पाय कुठला ते त्यांना दर रविवारी नव्याने सांगावं लागतं. काका न चिडता सांगतात. म्हणजे, चिडून सांगतात, पण प्रेमाने चिडून. त्यांनी हे सगळं लिहायला मला परवानगी दिली आहे. अट एकच: वजन लिहायचं नाही.

तर जयंतीला महिनाभर असेल. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमिनीवर चादरी टाकून आम्ही सगळे वंदनेला बसलो होतो. वंदना झाली, सगळे उठले. काका उठले, आणि उठल्या उठल्या असे डोलले की त्यांनी माझा खांदा, माझी ओढणी आणि शेजारच्या बाईंचा अंबाडा, जे हाताला लागेल ते धरलं.

“काय झालं, काका?”

“काही नाही. एकाग्रता फार झाली.”

“कसली एकाग्रता?” काकू मागून आल्याच. “जेव्हा उठतात तेव्हा डोलतात. परवा बाथरूममध्ये बेसिनला मिठी मारली. मी ठरवलंय. या वर्षी लेझीम बंद. खुर्चीत बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या.”

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. भर सभेत कुणी शिट्टी काढून घ्यावी तसा.

“मग तुम्ही दवाखान्यात का नाही सांगितलं?” मी भडकलेच. “आमचाच दवाखाना आहे ना तुमचा?”

“नाही सांगितलं?” काका माझ्याहून जास्त भडकले. “तुझ्याच त्या नर्सला सांगितलं! तीनदा! आय अ‍ॅम गिडी. आय अ‍ॅम व्हेरी गिडी. सिन्स लास्ट मंथ आय अ‍ॅम गिडी. ती हसली! म्हणाली, ऑ, गुड ऑन यू!”

मी तिथेच चादरीवर बसले.

वाचकहो, आपल्याकडे चक्कर येते त्याला ऑफिसातल्या इंग्रजीत गिडीनेस म्हणतात. रजेच्या अर्जात तेच असतं, आमच्या शाळेच्या मॅडम तेच म्हणायच्या. इथल्या पंचविशीतल्या पोरीच्या कानाला मात्र गिडी म्हणजे आनंदाने हवेत तरंगणारा, हुरळलेला, लग्न ठरल्यासारखा माणूस. चक्करला इथे डिझी म्हणतात. म्हणजे एक म्हातारा माणूस तीनदा येऊन सांगतोय की मी पडेन, आणि समोरच्याला ऐकू येतंय की मी फार खुशीत आहे!

सोमवारी मी भाषणच तयार करून गेले. ‘हा फक्त एका शब्दाचा प्रश्न नाही’ इथून सुरुवात होती. नर्सला स्टाफरूममध्ये गाठलं. तिने काकांचं नाव ऐकताच तोंडभर हसून सांगितलं, “ओह, आय लव्ह हिम! सगळ्यांत आनंदी पेशंट आहे तो.”

“त्याला चक्कर येतेय,” मी म्हटलं. “गिडी म्हणजे डिझी.”

तिच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. “नो,” ती म्हणाली. मग चेहरा पांढरा झाला. “नो, नो, नो. मी त्याला विचारलं, फॉलिंग इन लव्ह? तो म्हणाला, नो, ओन्ली फॉलिंग.”

यावर माझं भाषण गेलं. मी हसायला लागले, तीही, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही दोघी सिंकला धरून उभ्या होतो. हसून झाल्यावर ती खरंच रडली. मग डोळे पुसून तिने त्याच आठवड्यात काकांसाठी माझ्याकडची लांबलचक वेळ शोधून काढली. पण मी विचारतेच: काका तेव्हाच पडले असते, तर याचं कुणाला हसू आलं असतं?

काका आले ते इस्त्रीच्या शर्टात, काकूंसोबत. काकूंच्या हातात दोन लिटरच्या आईस्क्रीमचा डबा, आणि डब्यात काकांच्या सगळ्या गोळ्या. टेबलावर मांडल्या. बीपीच्या दोन. साखरेची एक. कोलेस्टेरॉलची एक.

“आणखी?”

“संपलं,” काका म्हणाले.

“आणि ती छोटी?” काकू म्हणाल्या. “हॉस्पिटलमधून आल्यावर सुरू झालेली? ती खिशात का ठेवलीत?”

काकांनी खिशातून पट्टी काढली आणि डब्याच्या आडोशाला ठेवली. “ती वेगळी आहे.”

“कसली आहे, काका?”

“अगं,” त्यांनी छताकडे बघितलं, “पुरुषांची.”

मग काकू सावकाश वळल्या. “पुरुषांची? या वयात? कुणासाठी?”

मी तोंड दाबून पट्टी उलटी केली. “लघवीची आहे, काकू! प्रोस्टेटची!”

“हळू बोल!” काका लालबुंद. “बाहेर माणसं बसलीत.”

“बाहेर एक कोरियन आजी आणि दोन सामोअन बाप्ये बसलेत, काका. लघवी म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही. आणि माहीत असतं तरी काय? त्यांना होत नाही का?”

राग काकांवर नव्हता. राग या लाजेवर आहे. हॉस्पिटलच्या तज्ज्ञाने गोळी दिली लघवी मोकळी व्हावी म्हणून. ती तिथले स्नायू सैल करते, पण रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते, म्हणजे बीपी उतरवते. बीपीच्या दोन गोळ्या आमच्याकडच्या. तिघी रोज सकाळी चहाबरोबर एकदम आत. आणि मुलीच्या वयाच्या बाईसमोर लघवी हा शब्द उच्चारायचा नाही म्हणून ही तिसरी खिशात!

मी काकांना कॉटवर आडवं केलं, बीपी मोजलं. उत्तम. उभं केलं, पुन्हा मोजलं. आकडा धाडकन खाली आला आणि काका माझ्या खांद्यावर.

“हेच!” ते आनंदाने ओरडले. “हेच ते! गिडी!”

आत्तापर्यंत प्रत्येकाने त्यांचं बीपी मोजलं होतं ते खुर्चीत बसवून. खुर्चीत बसून कुणी लेझीम खेळतं का? मग माणसाचं बीपी खुर्चीतच का मोजता? हे मी शेजारच्या खोलीत जाऊन डॉक्टरांना जवळजवळ याच शब्दांत विचारलं. डॉक्टर बाई भल्या आहेत. त्यांनी आकडे बघितले, सगळ्या गोळ्या माझ्याबरोबर पुन्हा एकदा वाचल्या आणि सांगितलं, बरोबर आहे. बीपीची एक बंद. छोटी गोळी रात्री झोपताना. पुन्हा मोजायला बोलाव.

काकांना ही बातमी सांगितली तर ते खूश व्हायचे सोडून गंभीर झाले. “बंद? म्हणजे डॉक्टरांनी माझी आशा सोडली?”

“काका, उलट आहे!”

“आमच्या ग्रुपमधल्या त्या जोशींना रोज नऊ गोळ्या आहेत,” काका खिन्नपणे म्हणाले. “माझ्या चारच उरल्या.”

पुढचे दिवस मी काकांना उठायला शिकवलं. आधी बसायचं, पाय हलवायचे, थांबायचं, मग उभं राहायचं. ज्या माणसाने आम्हाला डावा-उजवा शिकवला त्याला मी उठायला शिकवत होते आणि तो दर वेळी “घाई नको, घाई नको” असं मलाच सांगत होता. पुन्हा मोजलं. उभं राहिल्यावर आकडा थोडाच खाली. नर्सने टाळी दिली. काकांनी तिला विचारलं, “नाऊ आय अ‍ॅम नॉट गिडी. यू आर सॅड?”

लेझीमला डॉक्टर हो म्हणाल्या, पण काकूंचा होकार वेगळा मिळवायचा होता. त्या अव्होन्डेलच्या रविवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या निवडता निवडता मला म्हणाल्या, “उठताना डोलले नाहीत तर शिट्टी देईन. डोलले तर खुर्ची. तिथेच, सगळ्यांसमोर.”

जयंतीला हॉल गच्च भरला. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, पोरांचा इंग्रजीतला कलकलाट. काका पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. वंदना संपली, सगळे उठले, आणि उठून सगळेच थांबले, कारण सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे बीपी गुप्त राहत नाही. काकांनी आधी पाय हलवले. गुडघ्यावर आले. एक हात जमिनीवर. थांबले. इतके थांबले की मी एक पाऊल पुढे टाकलं. मग सरळ उभे राहिले, आणि उभेच राहिले. तसूभरही हलले नाहीत. हॉलमध्ये एवढ्या टाळ्या पडल्या की पाहुणे म्हणून आलेल्या स्थानिक नगरसेवकांना वाटलं कार्यक्रम संपला, आणि ते निघालेच.

काकूंनी पर्समधून शिट्टी काढली. “घ्या. उड्या मारायच्या नाहीत.”

बाहेर कार पार्किंगमध्ये ढोल सुरू झाला. काका उलटं चालत, इंजिनियर लोक उलटा पाय टाकत, नर्स तिच्या पार्टनरला घेऊन आलेली, तिच्या हातात कुणीतरी लेझीम दिलेली आणि ती सगळ्यांपेक्षा बरी खेळत होती. मी पिशवीत बीपीचं मशीन घेऊन कडेने पळत होते. कुणाला मशीन लागलं नाही. मलाच वेड लागल्यासारखं झालं होतं. मी मशीनसकट नाचले.

ढोल थांबला तेव्हा काका घामाने निथळत माझ्यापाशी आले. “ए, हे बघ, धाप लागते आहे.”

“छातीत दुखतंय?”

“नाही.”

“चक्कर?”

“छे.”

मी नाडी धरली. जोरात होती, पण नीट. “वय आहे, काका.”

“त्याला गोळी आहे?”

“नाही.”

“बरं झालं,” काका म्हणाले, आणि शिट्टी फुंकून पुन्हा ओळीपुढे गेले.