पऱ्हाटीचं इंजिन

उटनूरच्या त्या वेल्डरचं नाव मी विचारलंच नाही. काकांच्या जुन्या मोटारीत डिझेल इंजिन बसवण्यासाठी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कापायची होती. या मोटारीत एकदा कलेक्टर बसले होते, हे काका दिवसातून दोनदा सांगत. वेल्डरने आधी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या बांधून इंजिनाच्या मापाचा भारा केला, चेसिसमध्ये ठेवला आणि वाकून पाहत बसला.

"काऊन खेळून राह्यला बे?" काका खेकसले.

"पऱ्हाटी चुकली तं चुलीत जाते, काका. चेसिस चुकली तं मोटार भंगारात."

दोन दिवस काकांनी कलेक्टरचं नावही काढलं नाही. शेवटी वेल्डरने भारा जिथे अडत होता तो एकच आडवा दांडा कापून थोडा खाली जोडला. खरं इंजिन अलगद बसलं, सुरूही झालं. काकांनी लगेच कलेक्टरची गोष्ट काढली. पहिल्यांदाच मी ती आनंदानं ऐकली.