फडक्यातली अल्यानिको

एखादे दिवशी आंघोळ राहील, पण केळकर सकाळी एक फडकं भिजवायला चुकायचे नाहीत. ते पिळून स्टोअररूममधल्या वाइनच्या बाटलीला गुंडाळायचं आणि मगच तांजोंग पगारच्या ऑफिसला निघायचं. सिंगापूरला मरीन परेडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच राहायचो. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते आणि शंभर वर्षांनी दमलेले.

बाटली अल्यानिको नावाच्या इटालियन वाइनची. २०११ साली कामासाठी नेपल्सला गेले असताना त्यांनी ती ज्वालामुखीच्या टेकड्यांवरच्या एका मळेवाल्याकडून आणली होती. काळपट लाल, अंगाने दणकट. "दहा वर्षं तरी उघडू नका, नाहीतर जीभ आवळून येईल," असं त्याने बजावलेलं. पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, मिळाला की मीनलवहिनी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून लेकीला घेऊन येणार होत्या. बाटली त्या दिवसासाठी होती. मी कंटाळून म्हणायचो, "अहो, आजच पिऊन टाकू."

"थांब रे जरा. अजून कच्ची आहे."

ओल्या फडक्याने माठ गार राहतो, ते पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात. सिंगापूरच्या दमट हवेत फडकं वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? इंजिनिअर माणसाला हे मी काय सांगायचं? पहिल्या वर्षी गंमत वाटली म्हणून बोललो नाही, पुढे धीर झाला नाही. लेबल कुजून गळून पडलं तेव्हा त्यांनी मार्करने काचेवर नाव लिहिलं.

पीआरचा अर्ज तीनदा नामंजूर झाला. दर वेळी ते चष्मा पुसत एवढंच म्हणायचे, "बरं, भाजी कसली करायची?" सातव्या वर्षी त्यांच्या एम्प्लॉयमेंट पासचंच नूतनीकरण झालं नाही. महिन्याभरात गाशा गुंडाळायचा होता.

शेवटच्या रविवारी दुपारी, खोकी बांधून झाल्यावर, त्यांनी बाटली उघडली आणि स्टीलच्या दोन पेल्यांत वाइन ओतली. मी घोट घेतला. शिजवलेल्या मनुकांची चव, मागून आंबट. उकाड्याने पार गेली होती. वेळीच बोललो असतो तर, असं वाटून मला माझीच लाज वाटली. मी पेला खाली ठेवला. केळकरांनी स्वतःचा संपवला आणि माझाही ओढून घेतला.

"अहो, नका पिऊ. बिघडलीय ती."

"कळतंय रे मला. पण संध्याकाळी मीनलला सांगायचंय, वाइन झकास निघाली म्हणून. न पिता कसं सांगू?"